न सापडलेल्या हरणाचा हिशेब

नोव्हेंबरातली संध्याकाळ, सात वाजले असतील. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि दाराची बेल वाजली. पेनसिल्व्हेनियाच्या ज्या भागात आम्ही राहतो तिथे अंधार पडल्यावर सहसा कुणी न कळवता येत नाही. दारात टेकडीपलीकडचा शेजारी उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टॉर्च. धनुष्य मुद्दाम ट्रकमध्येच ठेवून आला होता. पावणेपाचला बाण लागला, हरीण तुमच्या हद्दीत उतरलंय, आत येऊन शोधू का, असं त्यानं विचारलं.

त्याला विचारणं भागच होतं. या राज्यात जखमी हरणाच्या मागावर असलात तरी दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. मालक नाही म्हणाला तर गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम राबवणारा सरकारी अधिकारीसुद्धा त्याच्यावर सक्ती करू शकत नाही. मी हो म्हटलं, गॅस बंद केला आणि जॅकेट चढवून त्याच्यासोबत निघालो. मांस न खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसानं रात्री ओकच्या पाचोळ्यात रक्ताचे थेंब शोधत फिरावं, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मेलं का रे ते?"

खरं तर या लेखात मला जे म्हणायचंय ते तिच्या या प्रश्नातच आहे.

तो माग काढत होता आणि मी टॉर्च धरून मागे चालत होतो. प्रत्येक थेंबाजवळच्या फांदीला तो टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की जनावराची वाट एका ओळीत दिसते. एक पान उचलून त्यानं बोटांवर चोळलं, हुंगलं आणि टॉर्चच्या उजेडात मला दाखवलं. रक्त गडद होतं, जवळजवळ काळपट. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर बाण फुप्फुसात लागलेला असतो आणि हरीण जवळच कुठेतरी पडलेलं सापडतं. हिरवट आणि आंबूस वासाचं असेल तर पोटात. काळपट म्हणजे यकृत. अशा वेळी चार ते सहा तास थांबायचं असतं, पोटात लागला असेल तर आठ ते बारा. जखमी हरीण थोडं अंतर जाऊन बसतं. त्याला बसू दिलं तर ते तिथेच मरतं. घाई करून उठवलं, तर उरलेल्या ताकदीनिशी मैलभर पळतं आणि मग सापडत नाही.

शेजाऱ्यानं सकाळी यायचं ठरवलं. निर्णय चुकीचा नव्हता. पण रात्री दोनच्या सुमारास पाऊस आला.

सकाळी पांढऱ्या कागदाचे लगदे फांद्यांवर लोंबत होते आणि खाली रक्ताचा मागमूस नव्हता. तो दुपारपर्यंत शोधत राहिला. दोरीला बांधलेल्या कुत्र्याकडून जखमी हरणाचा माग काढायला इथे गेल्या काही वर्षांपासून परवानगी आहे. पण त्याच्या ओळखीचा कुत्रेवाला त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी हरणामागे होता. शेवटी त्यानं नाद सोडला. पुढच्या शनिवारी तो पुन्हा मचाणावर बसला, आठ टोकांच्या शिंगांचा एक नर पाडला, जागेवरच कानाला टॅग बांधला आणि आम्हाला सॉसेज आणून दिलं. आम्ही ते कुणाला तरी दिलं, तो भाग वेगळा.

दहा दिवसांनी ओढ्याकाठी कावळ्यांचा गलका ऐकून मी खाली गेलो. पहिलं हरीण तिथे पडलेलं होतं. कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांनी, मागची मांडी संपवली होती. आम्ही रात्री जिथून परतलो होतो, तिथून जेमतेम दीडशे पावलं.

हरणं दोन मेली, टॅग एकच वापरला गेला, आणि यात बेकायदा असं काही नाही.

ज्यांना इथली पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिकारीचं लायसन घेतलं की सोबत टॅग मिळतो. शिंगवाल्या नरासाठी वर्षाला एक. माद्यांसाठी वेगळं लायसन, तेही विभागवार मोजून दिलेलं. अगदी 2022 पर्यंत या मादीच्या लायसनासाठी गुलाबी पाकिटात अर्ज भरून काउंटीच्या खजिनदाराकडे टपालानं पाठवावा लागायचा, आणि त्या गुलाबी पाकिटांबद्दल इथली जुनी माणसं एस.टी.च्या लाल डब्याबद्दल बोलावं तशी बोलतात. हरीण पडलं की जागेवरून हलवण्याआधी टॅगवर तारीख, वेळ, काउंटी (जिल्हा) आणि टाउनशिप (त्यातला छोटा विभाग) लिहायचं, तो कानाला बांधायचा आणि दहा दिवसांच्या आत राज्याला कळवायचं. टॅग पावसात भिजू नये म्हणून लोक तो झिपलॉकच्या पिशवीत पेनसकट बाळगतात.

हा कागद पावतीसारखा आहे. अमेरिकेत रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं, ते जनतेचं असतं आणि राज्य त्याचं विश्वस्त. जे हरीण माझ्या आवारातली होस्टाची रोपं फस्त करतं, ते माझं नाही. टॅग कानात गेला की जनतेच्या मालकीची वस्तू एका माणसाच्या मालकीची होते. म्हणून जनावर हलवण्याआधी टॅग, हा आग्रह. मधल्या वेळात ते कुणाचं, हा प्रश्नच उरू नये.

हा आग्रह महागात शिकलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात विकण्यासाठी इतकी हरणं मारली गेली की पेनसिल्व्हेनियातून ती जवळजवळ नाहीशी झाली. 1895 साली इथे गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीव सांभाळणारं राज्याचं खातं, स्थापन झालं. 1900 साली केंद्रात लेसी कायदा आला आणि चोरून मारलेलं जनावर राज्याची सीमा ओलांडून विकणं गुन्हा ठरलं. दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून इथे सोडली गेली, आणि 1907 पासून माद्या मारायला बंदी झाली. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. लांब नळीच्या बंदुकांवर हा कर 11 टक्के आहे. आज या एका राज्यात दरवर्षी चार लाखांच्या आसपास हरणं मारली जातात आणि तरी रस्त्यावर गाडीखाली येणारी संपत नाहीत. लांडगे आणि कूगर (इथलं मोठं रानमांजर) इथून केव्हाच गेले. त्यांची जागा नारिंगी जाकिटातल्या शिकाऱ्यानं घेतली आहे, हे आवडो न आवडो, मला मान्य आहे. शिकार असावी की नसावी, हा माझा वाद नाही. हिशेब कुठल्या क्षणी मांडायचा, हा आहे.

माझं म्हणणं असं: टॅग हरीण सापडल्यावर खर्ची पडतो, तो बाण किंवा गोळी लागल्यावर खर्ची पडला पाहिजे. रक्त दिसलं की तुझा टॅग संपला. हरीण सापडलं तर कानात बांध. नाही सापडलं तर तारीख लिहून, राज्याला कळवून, त्या वर्षापुरता धनुष्य टांगून ठेव.

रेशन दुकानदारानं सरकारी गोदामातून पोतं उचललं आणि वाटेत ते फाटून गहू सांडला, तरी रजिस्टरात उचल लिहिली जातेच. सांडलं म्हणून अजून एक पोतं फुकट मिळत नाही. हरणाच्या बाबतीत नेमकं ते होतं. जनतेच्या खात्यातून एक जनावर गेलं, ते कुणाच्याच नावावर पडलं नाही, आणि ज्याच्या हातून गेलं तो पुन्हा रांगेत पहिला उभा.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अलास्काच्या काही भागांत अस्वल जखमी होऊन निसटलं तरी ते शिकाऱ्याच्या वाट्यात मोजलं जातं. दक्षिण आफ्रिकेत आणि नामिबियात पैसे भरून शिकारीला जाणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतात की रक्ताचा थेंब पडला की जनावराची पूर्ण किंमत लागू, मग ते मिळो न मिळो. तिथे हा नियम धंद्यातून आलाय, नीतीतून नाही. पण त्याचा परिणाम असा की माग काढणारे दोन-दोन दिवस माग सोडत नाहीत.

इथे उलटं आहे. इथला कायदा शोधायला लावतो, नाही असं नाही. टेक्सससारख्या राज्यांत जखमी जनावर मिळवण्याचा वाजवी प्रयत्न न करणं हा गुन्हा आहे. पण वाजवी म्हणजे किती? तासभर? दुपारपर्यंत? पाऊस येईपर्यंत? ते ठरवायला रानात कुणी साक्षीदार नसतो. शिवाय शिकाऱ्यांचाच एक विनोद आहे, की जमिनीवर पडलं की शिंगं आकसतात. झाडावरून भलं मोठं दिसलेलं डोकं जवळ गेल्यावर साधंसुधं निघतं. टॅग अजून खिशातच असताना, आकसलेल्या शिंगांपाशी पोहोचलेला माणूस एकटाच उभा असतो. बहुतेक जण टॅग बांधतात, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण सापडल्यावरच टॅग, या नियमानं त्या माणसासमोर हे हरीण सोडून दुसरं मारायचं एक दार उघडं ठेवलंय, आणि ते उघडं ठेवायची काही गरज नव्हती. बाण लागताच टॅग खर्ची पडला असता, तर त्याची भरपाई होण्याचा एकच मार्ग उरला असता: ते हरीण शोधून काढणं, मग शिंगं कशीही असोत.

पहिला आक्षेप शेजाऱ्याकडूनच आला. लागलेलं प्रत्येक हरीण मरत नाही. बाण खांद्याच्या वर मांसात लागला तर हरीण आठवडाभरात बरं होऊन फिरताना दिसतं, त्याच्या कॅमेऱ्यात त्यानं पाहिलंय. खरं आहे. मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर धनुर्धाऱ्यांच्या नोंदी अनेक वर्षं ठेवल्या गेल्या, तेव्हा लागलेल्या हरणांपैकी साधारण 18 टक्के हाती आली नाहीत असं दिसलं. ती सगळी मेली असं कुणीच म्हणणार नाही. मग ज्याचं हरीण बरं झालं त्याचा टॅग का घ्यायचा? कारण ते बरं झालं की नाही हे त्याला त्या रात्री माहीत नसतं. मलाही माहीत नव्हतं. शंकेचा फायदा आज शिकाऱ्याला मिळतो, तो हरणाला मिळावा एवढंच. यात कुणावर थोडा अन्याय होईल. तो मला चालेल, कारण पुढच्या वेळी तोच माणूस पन्नास यार्डांवरून बाण सोडण्याऐवजी हरीण पंचविसावर येईपर्यंत थांबेल.

दुसरा आक्षेप असा, की हे राबवणार कसं? कोण सांगेल स्वतःहून?

इथे गेम कमिशनचं एक काम मला फार आवडतं. दहा दिवसांत कळवणं सक्तीचं आहे, तरी निम्म्याहून कमी शिकारी कळवतात. हे कमिशनला पुरतं माहीत आहे. म्हणून सीझनमध्ये त्यांची माणसं राज्यभर हरणं कापून देणाऱ्या खाटकांच्या शीतगृहांत जातात. तिथे उलटी टांगलेली हरणं, प्रत्येकाच्या कानात भिजून वाळलेला कागद. ते हजारो टॅगांवरची माहिती लिहून घेतात आणि मग पाहतात, यातल्या किती शिकाऱ्यांनी घरी जाऊन कळवलं होतं. त्या प्रमाणावरून एकूण आकडा काढतात. लोक किती आळशी आहेत, याचंच माप घेऊन त्यांनी हिशेब पुरा केला! कानात कागद नसता तर हे जमलंच नसतं.

म्हणून फोनवरच्या टॅगचा जो बोलबाला चाललाय तो मला पटत नाही. विस्कॉन्सिननं 2017 साली कागद बांधण्याची सक्ती काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत फोनवर किंवा इंटरनेटवर नोंद केली की झालं. सोय झाली, हे खरं. पण हरीण सकाळी पडलं, दुपारी गॅरेजमध्ये पोहोचलं, वाटेत कुणी पाहिलं नाही, तर तेच लायसन घेऊन उद्या पुन्हा जायचा मोह दुसऱ्या संध्याकाळी पाचपर्यंत जिवंत राहतो. पेननं तारीख लिहून कानाला दोरी बांधायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत माणूस एकदा त्या जनावराच्या डोळ्यांकडे पाहतो, तेही वाया जाऊ नये असं मला वाटतं. शिवाय उत्तरेकडच्या डोंगरात फोनला रेंज कुठे असते? आणि आता हरणांना झिजवून मारणारा मेंदूरोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, आहेच. 1967 साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनमध्ये 2002 ला, आमच्याकडे 2012 ला. कुठल्या टाउनशिपमधलं डोकं आणि कुठला कणा कुठे नेला, हे कानातल्या कागदावरूनच कळतं.

तर, राबवण्याबद्दल. टॅगची सगळी व्यवस्थाच रानातल्या एकट्या माणसाच्या सचोटीवर उभी आहे. त्यावर आणखी एक ओझं टाकलं तर ती कोसळणार नाही. पण ओझं हलकं असावं. या राज्यात चुकून मनाईचं हरीण मारलं गेलं, म्हणजे शिंगांची टोकं मोजण्यात चूक झाली वगैरे, तर शिकाऱ्यानं स्वतः कमिशनला कळवून हरीण ताब्यात द्यायचं आणि मामुली भरपाई भरायची, अशी तरतूद आहे. लपवलं आणि पकडला गेला तर मात्र दंड मोठा, लायसनही जाऊ शकतं, आणि एका राज्यात गेलेलं लायसन आता जवळपास सगळ्या राज्यांत गेल्यासारखं असतं. खरं बोलणं स्वस्त आणि खोटं बोलणं महाग. हरवलेल्या हरणालाही हाच नियम लावा. कळवलं तर दंड नाही, चौकशी नाही, फक्त टॅग गेला.

उरला जमिनीचा प्रश्न. मी स्वतः तीन एकरांचा मालक आहे आणि हत्यारबंद अनोळखी माणूस माझ्या झाडीत नको, हे मला शंभर टक्के वाटतं. पण जो नियम शिकाऱ्याला शोधायला बांधतो, त्यानंच कुंपणापाशी त्याचे हात बांधू नयेत. मिनेसोटात फलक न लावलेल्या शेतजमिनीत जखमी जनावर आणायला पायी जाता येतं, आणि काम झालं की ताबडतोब बाहेर पडायचं. आमच्याकडे असं काही का नाही? हत्यार गाडीत, हातात टॉर्च, मालकाला आधी निरोप. एवढ्या अटी पाळल्या तर माझ्या दाराची बेल वाजवायचीसुद्धा गरज नाही.

हा सगळा अमेरिकेतला कारभार, आपल्याला काय त्याचं, असं विदर्भातल्या एका मित्राला वाटलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, विषय संपला. पण त्याच्याच तालुक्यात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकं लोळवतात म्हणून वनखात्याच्या परवानगीनं ती मारायची सोय झालेली आहे. मी त्याला एवढंच विचारलं, गोळी लागलेलं डुक्कर उसात शिरलं आणि सापडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या उसात कोयता घेऊन कोण जातं? तो म्हणाला, ऊसतोडीचे मजूर. परवाना डुक्कर मारण्याचा असतो, जखमी करून सोडण्याचा नसतो. हा फरक कागदावर लिहिलेला असला तर बरं, मग तो कागद कुठल्याही देशातला असो.

या वर्षी सप्टेंबरातच शेजारी आला. दिवसाउजेडी, चपला काढून. सीझन सुरू होण्याआधीच लेखी परवानगी घेऊन ठेवावी, म्हणजे रात्री बेल वाजवायला नको, असं त्याला वाटलं. मला आनंद झाला. मी चहा केला आणि कागदावर परवानगी लिहून दिली. खाली एक अट घातली: माझ्या हद्दीत रक्त पडलं तर हरीण मिळो न मिळो, त्या वर्षाचा टॅग संपला.

ओढ्याकाठचं हरीण मी त्याला गेल्या वर्षीच दाखवलं होतं. तेव्हा तो काही बोलला नव्हता, फक्त बुटाच्या टोकानं पाचोळा सारत उभा राहिला होता. आता त्यानं कागद दोनदा वाचला. नुसतं खरचटलं असेल तर, असं विचारलं. मी म्हटलं, तरीही. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, सही केली नाही. शनिवारपर्यंत सांगतो म्हणाला. आज गुरुवार आहे.